मुलाला कारखान्यात धाडण्यापूर्वी



दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या ओट्यावर एकच विषय निघतो. धाकट्याचे काय करायचे? जमीन तीन भावांत वाटली तर वाट्याला दीड एकर येते. विहिरीचे पाणी मार्चात तळाला जाते. मुलाचे मन तर शेतात नाहीच. मग कोणीतरी सांगतो, "अमक्याचा पोरगा चाकणला लागलाय. पंधरा हजार पडतात हातात. ठेकेदार ओळखीचा आहे." चार दिवसांत पिशवी भरते, आई चटणीची बरणी आणि गोधडी बांधून देते आणि मुलगा एस.टी.त बसतो. पगार किती, खोली कुठे, जेवणाचे काय, हे सगळे विचारून झालेले असते. तो तिथे शिकणार काय, एवढे मात्र कोणी विचारलेले नसते.

आज त्याच प्रश्नावर बोलायचे आहे.

आम्ही हे लिहितो आहोत ते पुनावळ्यातून. पवनेच्या खोऱ्यातले, मुंबई-बंगळूर रस्त्याला लागून असलेले हे गाव. 1997 साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले आणि जिथे पेरण्या होत तिथे आज मजल्यावर मजले चढले आहेत. एका अंगाला हिंजवडीच्या संगणक कंपन्या, दुसऱ्या अंगाला आकुर्डी, पिंपरी, भोसरी, आणि जरा पुढे तळेगाव व चाकण. पहाटे पाच-साडेपाचला हमरस्त्याच्या कडेला कंपनीच्या बसची वाट पाहणारी मुले उभी असतात. गाव विचारले तर बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, यवतमाळ अशी नावे ऐकू येतात. एका खोलीत चौघे-पाचजण, भाडे वाटून, पाळ्या वेगवेगळ्या. एक झोपायला येतो तेव्हा दुसरा उठून गेलेला. यातल्या कित्येकांना विचारा, "बाळा, तू कंपनीत काय करतोस?" उत्तर येते, "हेल्पर आहे." अमुक करतो असे नाही, तर हेल्पर आहे. दोन वर्षांनी विचारले तरी तेच उत्तर. फक्त कंपनी बदललेली असते.

आता तुमच्यापैकी वडीलधारे म्हणतील, "आमच्या वेळीसुद्धा माणसे अशीच लागली. कसेही करून आत शिरायचे, मान खाली घालून काम करायचे, मग आपोआप कायम होतो." हा सल्ला खोटा नव्हता. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. मावळ-मुळशीची, खेड-जुन्नरची कितीतरी शेतकरी मुले त्या काळी आत शिरली, कायम झाली, आणि त्या पगारावर बहिणींची लग्ने झाली, गावाकडे विहिरी खोदल्या गेल्या. तेव्हा कारखान्याला माणूस हवा होता आणि तो टिकवायचाही होता.

पण त्या काळच्या सल्ल्यावर आजच्या मुलाला सोडणे म्हणजे गेल्या सालच्या पावसावर या सालची पेरणी करण्यासारखे आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात 2007 च्या सप्टेंबरात गाड्यांचे उत्पादन थांबले आणि कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. पंधरा वर्षांनी, 2022 मध्ये, त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना उभा राहिला. तळेगावला जनरल मोटर्सचा मोठा कारखाना 2008 साली सुरू झाला आणि 2020 च्या डिसेंबरात त्यातून शेवटची गाडी निघाली. कामगार पुढे किती दिवस भांडत राहिले ते या पट्ट्याने पाहिले आहे. तो कारखाना आता ह्युंदाईने घेतला आहे. म्हणजे पाहा, आवार तेच, पत्रे तेच, पण आतले यंत्र वेगळे आणि त्यावर उभा राहणारा माणूसही वेगळा. असा बदल झाला की कोण तरतो? ज्याच्या हाताला काही येते तो. नुसता "आत" असलेला माणूस फाटक बंद झाले की बाहेरच असतो.

म्हणून मुलाची पहिली दोन-तीन वर्षे पगारावर तोलू नका, हुन्नरावर तोला, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे बोलणे सोपे आहे आणि घर चालवणाऱ्याला ते महाग पडते, हेही आम्ही जाणतो. तेव्हा हिशेबच मांडू.

समजा, ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून मुलाला ओव्हरटाइम धरून महिना 15,000 रुपये मिळतात. दुसरीकडे आयटीआय केलेल्या मुलाला शिकाऊ उमेदवार म्हणून समजा 9,000 मिळतात. महिन्याला फरक 6,000, वर्षाला 72,000. आकडा मोठा दिसतो. पण आपणच मनाशी आठवा, गेल्या काही वर्षांत आपल्या वाडीत कोरड्या गेलेल्या बोअरवेलवर कोणी किती घातले? तिथे पाणी लागेल याची कसलीही हमी नव्हती, तरी कर्ज काढले. मुलाच्या हातावर एक वर्ष तेवढा खर्च करताना मात्र आपला हात आखडतो. डाळिंबाची बाग लावणारा पहिल्या वर्षी फळ मागत नाही. घरात कमावते आलेले पोर मात्र पहिल्याच महिन्याला पैसे पाठवेल अशी वाट पाहिली जाते.

आता शिकाऊ उमेदवार म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण इथेच पुष्कळ जण फसतात. शिकाऊ उमेदवारांसाठी आपल्या देशात 1961 चा स्वतंत्र कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला ठरावीक प्रमाणात शिकाऊ मुले घ्यावीच लागतात. मुलगा आणि कारखाना यांच्यात लेखी करार होतो आणि तो सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या संकेतस्थळावर नोंदवला जातो. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर करारावर पालकाची सही लागते. म्हणजे तुमची. त्याला मिळते ते वेतन नव्हे, विद्यावेतन. 2019 च्या नियमांनी त्याची खालची मर्यादा ठरवली, ती आयटीआय झालेल्यासाठी महिना 7,000 आणि पदविकाधारकासाठी 8,000. बऱ्याच मोठ्या कंपन्या याहून अधिक देतात. आज नेमके किती, ते करारात वाचा. अशा मुलाला शिकाऊ उमेदवारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. नगावर पैसे, म्हणजे जितके नग काढशील तितके देऊ, असा व्यवहारही त्याच्याशी करता येत नाही. का, ते उघड आहे. नगाच्या मागे धावणारा शिकत नाही. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. शेवटी परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यास देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळते.

आणि आता जी गोष्ट सांगायची राहते ती कडू आहे. उमेदवारी संपली की त्याच कारखान्याने नोकरी द्यावीच, असे बंधन कायद्यात नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक मालकाने शिकाऊंना नोकरीत घेण्याबद्दल आपले धोरण ठरवायचे असते, एवढेच. तेव्हा वर्ष भरल्यावर "आता नवी तुकडी येणार, तू जा" असे ऐकावे लागले तर मुलगा खचून जातो आणि गावात बोलबाला होतो की काढून टाकला. काढून टाकलेला नसतो, शिक्षण संपलेले असते. हे घरच्यांनी आधीच ओळखून ठेवले, तर पोर परत आल्यावर त्याच्या तोंडाकडे संशयाने पाहिले जाणार नाही.

याउलट, ज्याला नुसते "ट्रेनी" म्हटले आणि लेखी काहीच दिले नाही, तो शिकाऊ उमेदवार नव्हे. या पट्ट्यात ट्रेनी हा शब्द फार स्वस्त झाला आहे. छातीवर ट्रेनीचे ओळखपत्र, हातात झाडू नाहीतर खोके, आणि सहा-सात महिन्यांनी ब्रेक. मग नव्या नावाने तेच. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांच्याप्रमाणे प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळायला हवे, ठेकेदाराकडचा असला तरी. मुलाने फोनवर "लागलो" म्हणून सांगितले की पहिला प्रश्न हाच करा, "कागद दिला का?"

राज्य सरकारने 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. सहा महिने काम शिकायचे आणि बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय वा पदविका झालेल्याला 8,000, पदवीधराला 10,000 असे महिन्याचे विद्यावेतन, अशी ती योजना होती. मुलांना तिचा आधार झाला. पण सरकारी कचेरीत सहा महिने फायली उचलणे आणि यंत्रावर सहा महिने काढणे, यांना एकाच मापाने मोजू नये.

शिकणे म्हणजे काय, हेही घरच्यांना कळायला हवे. आयटीआयमध्ये फिटरचा, टर्नरचा, इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, वेल्डरचा एका वर्षाचा. फिटरच्या मुलाला सुरुवातीला काय करायला लावतात, ठाऊक आहे? एक लोखंडाचा ठोकळा शेगड्यात धरून कानशीने घासायचा. दिवसच्या दिवस. कडा काटकोनात आल्या का ते गुण्याने पाहायचे, उजेड दिसला की पुन्हा घासायचे. मुलगा सुट्टीत घरी येऊन म्हणतो, "काही शिकवत नाहीत, नुसते घासायला लावतात," आणि बापही म्हणतो, "सोडून दे." अहो, गावच्या लोहाराकडे पोर राहायचे तेव्हा आधी भाता ओढायचे, मग सांडशी धरायचे, आणि घण हातात यायला वर्ष लोटायचे. त्या कानशीतूनच हाताला माप कळते. आज यंत्रे संगणकावर चालतात हे खरे. पण तुकडा जाड झाला की बारीक, हे मायक्रोमीटर लावून सांगणारा, आणि चूक यंत्रात आहे की हत्यारात हे ओळखणारा माणूस लागतोच. विजेच्या गाडीत इंजिन नसेल, पण मोजमाप, नकाशा वाचणे आणि विजेचे ज्ञान ही कामे कुठे जात नाहीत. ट्रेड निवडताना शेजाऱ्याच्या मुलाने कोणता घेतला हे पाहू नका. आपला मुलगा घरची मोटर बिघडली की खोलून बसतो का, की त्याला हिशेबात गोडी आहे, ते पाहा.

शेतकऱ्याच्या पोराचा हात यंत्राला बसत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला किर्लोस्करवाडी दाखवा. 1910 साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला तेव्हा तिथे निवडुंग आणि साप होते, तयार कारागीर नव्हते. आसपासच्या खेड्यांतली माणसेच शिकवून त्यांनी नांगर ओतले. आणि टेल्कोचेच पाहा. पिंपरीच्या कारखान्यातून पहिली मालवाहू गाडी 1977 मध्ये निघाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे यंत्रे, हत्यारे आणि शिकाऊ मुले घडत होती. सुमंत मूळगावकरांनी आधी हात तयार केले, गाडी मागून आली.

तरीही मुले टिकत नाहीत, ही कारखानदारांची तक्रार असते. आजची पोरे आळशी, त्यांना मोबाईल हवा, पंधरा दिवसांत पळतात. यात तथ्य नाही असे नाही. पण पळणाऱ्या मुलाची बाजू ऐका. महिनाभर एकच खोबण, एकच बोल्ट. हा बोल्ट गाडीत कुठे बसतो, तो ढिला राहिला तर काय होते, कोणी सांगितलेले नसते. चुकले की शिवी, बरोबर आले की काहीच नाही. ज्या शॉपमध्ये एखादा जुना मेस्त्री मुलाला गाडीखाली नेऊन दाखवतो की "हा बघ, तू केलेला भाग इथे बसतो", तिथली मुले सहसा पळत नाहीत. याला काही मोठे शास्त्र लागत नाही.

आणि रागावू नका, पण हाच दोष आपल्या घरातही आहे. बैल सोड, पाणी धर, खत टाक, एवढेच मुलाला सांगितले जाते. यंदा सोयाबीन करायचे की तूर, कांदा आता विकायचा की ठेवायचा, सोसायटीचे किती देणे आहे, हे त्याला विचारले जात नाही. पंधरा वर्षे ज्याला नुसते हुकूम मिळाले, त्याचे मन शेतात कसे राहील? तो कारखान्यात जातो आणि तिथेही हुकूमच मिळतात. मग तो तिसरीकडे जातो.

आता आवडीनिवडीचे. "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपण अजून म्हणतो, पण मुलगी देताना ती कोणी ऐकत नाही. नोकरीवाला मुलगा पाहिजे, म्हणजे पाहिजेच. त्यामुळे कितीतरी मुले केवळ लग्नाच्या माहितीपत्रावर "पुण्याला कंपनीत" असे लिहिता यावे म्हणून इथल्या खोल्यांत पडून आहेत. घरी पाच एकर बागायत, आणि इथे खोके उचलतो. हे पाहून वाईट वाटते. मुलीकडच्यांनीही जरा पुढचा प्रश्न विचारावा, कंपनीत कोणत्या कामावर?

दुसरी ओढ सरकारी नोकरीची. 2024 च्या राज्य पोलीस भरतीत 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले 17 लाखांवर. शंभरात एक. त्या एकात आपला मुलगा असावा असे कोणाला वाटणार नाही? जरूर धावू द्या, मैदान गाजवू द्या. पण चार-चार वर्षे भरतीच्या नावावर अभ्यासिकेत काढणाऱ्या मुलाच्या हाताला त्या काळात एखादा ट्रेडही लागू द्या. आयटीआय करून सकाळी पळायला जाता येते.

इथे पुनावळ्यासारख्या गावांतली अडचण निराळी आहे. इथल्या काही घरांना जमिनीचे पैसे मिळाले, खोल्यांचे भाडे येते, आणि मुलाला आठ तास उभे राहण्याची गरज वाटत नाही. बारा हजारांसाठी कोण मर-मर करील, असे तो म्हणतो. भाडे बापाने बांधलेल्या भिंतीचे असते. चाकणपासून पुरंदरपर्यंत ज्यांच्या जमिनी उद्या रस्त्यात नाहीतर प्रकल्पात जाणार आहेत, त्यांनी या घरांशी एकदा बोलून यावे. पैसा आला त्या वर्षी मुलाचे वय काय होते आणि तो आज काय करतो, एवढेच विचारावे.

मुलींबद्दल थोडे. 1974 साली टेल्कोने अभियंत्यांसाठी जाहिरात दिली, त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. तेव्हाच्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना एक साधे पोस्टकार्ड टाकले, त्यांना मुलाखतीला बोलावणे आले आणि त्या तिथे रुजू झाल्या. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात गाड्यांच्या जुळणीची एक ओळ मुली चालवतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मोरवाडीला आयटीआय आहे, तशी कासारवाडीला खास मुलींची आहे. मुलगी म्हणाली की मला इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे, तर "तारा काय जोडतेस" म्हणून हसू नका. मात्र ती राहणार कुठे, रात्रपाळीला ने-आण कोण करणार, हे आई-बापाने स्वतः येऊन पाहावे. ठेकेदाराच्या तोंडी भरवशावर राहू नये.

मुलासाठीही तेच सांगतो. एक रविवार काढा, एस.टी.ने या, त्याची खोली पाहा. पाणी किती वेळ येते, खाणावळीत काय मिळते, पाळी बदलली की झोपतो कधी, ते विचारा. सोबतच्या मुलांशी चार शब्द बोला. तो काय काम करतो, ते त्याच्याच तोंडून ऐका. पाच मिनिटे तो न अडखळता आपल्या यंत्राबद्दल बोलला, तर चहा पिऊन निश्चिंत परत जा. नाही बोलला, तर रागावू नका. त्याला सोबत घेऊन जवळच्या आयटीआयत जा आणि पुढचे प्रवेश कधी आहेत याची चौकशी करा. येताना त्याचा दहावीचा दाखला, आधार कार्ड, जातीचा दाखला यांच्या प्रती पिशवीत असू द्या. आणि त्याच्या कराराची वा नेमणूकपत्राची एक झेरॉक्स घेऊन जा, सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत ट्रंकेत ठेवायला.